वाचकांचे प्रश्न : मॉडेल सांगते एक, सेल दाखवतो दुसरेच

प्रश्न : पाण्याच्या विघटनात ऑक्सिजन सोडणाऱ्या इलेक्ट्रोडसाठी निकेल-कोबाल्ट-लोह ऑक्साइडांची साधारण 300 निरीक्षणे शोधनिबंधांतून गोळा केली. रँडम फॉरेस्ट या यंत्र-शिक्षण मॉडेलचा आर-स्क्वेअर (अंदाज किती जुळतो याचे माप, 1 म्हणजे अचूक) 0.94 आला, पण त्याने सुचवलेली नवी मिश्रणे प्रयोगशाळेत तोंडघशी पडतात. असे का?
– संशोधक विद्यार्थिनी, पुणे

उत्तर : आधी डेटाची विभागणी तपासा. एका निबंधात एकाच मिश्रणाच्या आठ-दहा नोंदी असतात. ओळी सरसकट पिसल्या की त्यातल्या काही प्रशिक्षणात जातात, काही चाचणीत, आणि मॉडेल पाहिलेलेच पुन्हा ओळखते. म्हणून एका निबंधाच्या सगळ्या नोंदी एकाच बाजूला राहतील अशी गटवार विभागणी करा. आकडा घसरेल, पण तोच खरा.

आणखी एक चाचणी जरूर करा. मिश्रणाचे प्रमाण काढून टाका आणि मॉडेलला फक्त उत्प्रेरकाचा भार (इलेक्ट्रोडवर लावलेले प्रमाण), इलेक्ट्रोलाइट आणि निबंधाचा क्रमांक द्या. तरीही गुण जवळपास तेवढेच राहिले, तर ते पदार्थ शिकलेले नाही, प्रयोगशाळा ओळखायला शिकले आहे.

मग ओव्हरपोटेन्शियलच्या (अभिक्रिया चालवायला लागणाऱ्या जादा व्होल्टेजच्या) स्तंभाकडे वळा. द्रावणाच्या रोधाची दुरुस्ती केली आहे की नाही, हे प्रत्येक ओळीसमोर लिहा. रोध 5 ओहम आणि इलेक्ट्रोड 1 चौरस सेंटिमीटर असेल, तर 10 मिलिअँपिअरला 50 मिलिव्होल्ट निव्वळ द्रावणात जातात. दोन बऱ्या उत्प्रेरकांमधला फरक पुष्कळदा याहून कमी असतो. दुरुस्ती केली की नाही याचा उल्लेखच नसलेली ओळ गाळलेली बरी. 300 संशयास्पद ओळींपेक्षा 90 स्वच्छ ओळी कामाच्या.

निकेलच्या नोंदींत लोहाचा घोळ असतो. बाजारातल्या पोटॅशियम हायड्रॉक्साइडमध्ये अत्यल्प लोह असतेच. ते निकेल हायड्रॉक्साइडमध्ये शिरते आणि सक्रियता कितीतरी वाढते. तक्त्यात मात्र ‘शुद्ध निकेल’ असेच राहते. तुमच्या मोजमापासाठी द्रावण शुद्ध करून घ्या : अतिशुद्ध निकेल नायट्रेटपासून निकेल हायड्रॉक्साइडचा साका पाडा, तो धुऊन त्यात पोटॅशियम हायड्रॉक्साइडचे 1 मोलर द्रावण 10 मिनिटे हलवा, काही तास निवळू द्या आणि वरचे नितळ द्रावण ओतून घ्या. बाटली पॉलिप्रोपिलीनची हवी. अल्कली काच खाते आणि काचेतले लोह द्रावणात उतरते.

प्रश्न : नायट्रोजनयुक्त कार्बनवर 0.5 मोलर गंधकाम्लात हायड्रोजन काढतो. प्रतिइलेक्ट्रोड (समोरचा दुसरा इलेक्ट्रोड) प्लॅटिनमची तार आहे. प्रत्येक शंभर चक्रांनंतर सक्रियता वाढत जाते. याला ‘स्वयंसक्रियण’ म्हणावे का?

उत्तर : इतक्यात नको. प्लॅटिनमची तार इथे ॲनोड आहे. आम्लात ती थोडी-थोडी विरघळते आणि ते प्लॅटिनम तुमच्या कार्बनवर येऊन बसते. हायड्रोजनसाठी प्लॅटिनम इतके समर्थ आहे की नाममात्र थरही आलेख पालटून टाकतो. तारेऐवजी ग्रॅफाइटची कांडी वापरा, ती पडद्याआडच्या वेगळ्या कप्प्यात ठेवा आणि नव्या नमुन्यावर प्रयोग पुन्हा करा. वाढ थांबली तर निकाल लागला. वापरलेल्या इलेक्ट्रोडवर एक्स-रे फोटोइलेक्ट्रॉन वर्णपट घेऊन प्लॅटिनम शोधा, म्हणजे शंका उरणार नाही. अशा नोंदी डेटासेटमध्ये ‘उत्तम’ म्हणून शिरतात, आणि मॉडेल मग नको त्या कार्बनांच्या मागे लागते.

प्रश्न : आमच्या न्यूरल नेटवर्कची हायड्रोजनच्या अधिशोषण ऊर्जेतली (तो पृष्ठभागाला किती घट्ट चिकटतो, त्या ऊर्जेतली) सरासरी चूक 0.1 इलेक्ट्रॉन-व्होल्ट आहे. पुरेशी आहे का?

उत्तर : चाळणीला पुरेशी, निवाड्याला नाही. 25 अंश सेल्सिअसला सक्रियण ऊर्जेत 0.1 चा फरक पडला तर वेग सुमारे 50 पटींनी बदलतो. त्यामुळे पहिला आणि पाचवा क्रमांक यांच्यात भांडण लावू नका. वरचे वीसेक पृष्ठभाग घेऊन घनता-फलन गणित (डीएफटी, क्वांटम सिद्धांतावरचे गणित) पुन्हा करा. अर्ध्या हायड्रोजन रेणूच्या संदर्भाने आलेल्या ऊर्जेत 0.24 इलेक्ट्रॉन-व्होल्ट मिळवल्यावर मुक्त ऊर्जा मिळते आणि ती शून्याजवळ हवी. ही बेरीज राहून गेली की अख्खी यादी एका बाजूला सरकते. ‘ओपन कॅटॅलिस्ट 2020’ या खुल्या डेटासंचावर शिकवलेले मॉडेल ऑक्साइडांवर तसेच चालवू नका. त्या संचात ऑक्साइड पृष्ठभाग नाहीत. त्यांच्यासाठी 2022चा वेगळा संच आहे.