पासपोर्टातली शैलजा, आधारातली शैलजाबेन

प्रश्न : लेक जर्मनीत, म्युनिकला असते. 15 जानेवारी ही बाळंतपणाची तारीख दिली आहे. 5 तारखेला पोचून एप्रिलअखेरपर्यंत राहायचा विचार आहे. शेजारच्या बेन म्हणतात, नव्वद दिवस संपत आले की आठवडाभर स्वित्झर्लंडला जाऊन यायचं, दिवस पुन्हा पहिल्यापासून मोजतात. खरं का? माझा पासपोर्ट मे महिन्यात संपतोय. त्यावर शैलजा आहे, आधारवर शैलजाबेन आणि लेकीच्या जन्मदाखल्यावर माझं माहेरचं सुमती!
— शैलजा, मांजलपूर, बडोदा

शैलजाताई, शेजारच्या बेनचं ऐकू नका. स्वित्झर्लंड युरोपीय संघात नाही हे खरं, पण शेंगेनमध्ये, म्हणजे एकाच व्हिसावर फिरता येणाऱ्या युरोपीय देशांच्या गटात, आहे. तिथे काढलेला आठवडाही त्याच नव्वदात धरतात. बरं, लंडनला जाऊन आलात तरी आकडा शून्यावर येत नाही. तिथले दिवस नव्वदात धरत नाहीत, इतकंच. हिशोब असा : ज्या दिवशी तुम्ही तिथे आहात त्या दिवसापासून मागचे 180 दिवस बघायचे, त्यात मुक्काम नव्वदाच्या वर नको. उतरल्याचा दिवस धरायचा आणि निघाल्याचाही. 5 जानेवारीला पोचलात तर नव्वदावा दिवस 4 एप्रिल. गुढीपाडव्यानंतरचं आंबरस-पुरीचं जेवण घरीच.

व्हिसावर दोन गोष्टी छापलेल्या असतात : कोणत्या तारखेपासून कोणत्या तारखेपर्यंत, आणि किती दिवस. रावपुऱ्यातल्या एका ट्रॅव्हल कचेरीत मी बावीस वर्षं फॉर्म भरले. माणसं पहिली ओळ वाचून खूश होतात, दुसरी कुणी वाचत नाही. पूर्वी शिक्के बघून दिवस मोजायचे, आता तेही गेलं. ऑक्टोबर 2025 पासून तिकडच्या सीमेवर फोटो आणि बोटांचे ठसे घेऊन संगणकात नोंद करायला सुरुवात झाली आहे. संगणकापुढे ‘नात जरा आजारी होती हो’ चालत नाही.

एप्रिलअखेरपर्यंत कुणी हवंच असेल तर विहीणबाईंना गाठा. तुम्ही निघायच्या आठवड्यात त्यांनी पोचायचं. त्यांचे नव्वद त्यांचे स्वतंत्र. बडोद्यात अशा किती विहिणींची तिकिटं मी जोडीनं काढून दिलीत! (पहिले नव्वद कुणाचे, यावरून रुसवे होतात, तो प्रश्न या सदरात घेत नाही.)

आता पासपोर्ट. शेंगेनमधून निघाल्यानंतर तो किमान तीन महिने चालू असावा लागतो. तुमचा मे महिन्यातच संपतो. म्हणजे आधी नवा काढा. 36 पानी पासपोर्टचे 1500 रुपये, तत्काळ हवा तर वर 2000. पण त्याआधी आधारमधलं ‘बेन’ काढून टाका. आपल्याकडे कारकून प्रेमानं बेन आणि भाई चिकटवतो, आणि पुढे अर्ज त्याच दोन अक्षरांवर अडतो. पासपोर्टवरच्या शैलजाला मात्र हात लावू नका. सुमती आणि शैलजा एकच, असं प्रतिज्ञापत्र नोटरीकडून करून घ्या आणि विवाह नोंदणीचा दाखला जोडा. आपल्यात सासरी नाव बदलतात हे व्हिसा अधिकाऱ्याला ठाऊक असेलच, असं धरून चालू नये.

खर्चाची हमी जावई घेणार असतील तर त्यांना तिथल्या परदेशी नागरिकांच्या कचेरीतून हमीपत्र काढायला आत्ताच सांगा. त्याचं जर्मन नाव बडोदा ते आणंद इतकं लांब आहे, तुम्ही उच्चारू नका. निदान 30,000 युरोंचा प्रवास विमा लागेल, व्हिसाची फी 90 युरो. अर्ज प्रवासाच्या सहा महिने आधीपासून करता येतो. दिवाळीची वाट बघू नका.

आणि बॅगेत तुपाची बरणी नको. दूध-दुभत्याचे पदार्थ युरोपात नेऊ देत नाहीत. डिंक, सुंठ न्या, तूप तिथल्या लोण्याचं कढवा. दुबईत उतरून मुक्काम करणार असाल तर खसखसही घरीच ठेवा, तिथे तिला बंदी आहे.

प्रश्न : वय 63. विमानानं काठमांडूला आधारवर जाता येईल का?
— एक वाचक, दांडिया बाजार

नाही. आधार चालतं ते पंधराच्या आतल्यांना आणि पासष्टच्या वरच्यांना. तुम्ही मधले. मतदार ओळखपत्र शोधा. शेवटच्या मतदानाला जी पिशवी नेली होती, तिच्यात बघा.