आजोबांच्या रोजकीर्दीचे काय करावे?

प्रश्न : वडील गेल्यानंतर वाईचा आमचा वाडा विकायचे ठरले आहे. माळ्यावरच्या पेटीत आजोबांच्या हातच्या घरखर्चाच्या मोडी वह्या निघाल्या. भावंडांच्या मते ते बाजारहाटाचे हिशेब आहेत आणि रद्दीत द्यावेत. एका जाणकारांनी शके १८६५ च्या श्रावणातले एक पान वाचून दाखवले. त्यात काही दिवस लागोपाठ ‘दूध पाव शेर जादा’, ‘मोसंबी’, ‘वैद्यांचे औषध’ असे आहे. मग ‘लाकडे’ अशी नोंद येते आणि औषध थांबते. माझी एक आत्या लहानपणीच गेली, एवढेच वडील एकदा बोलले होते. थोरल्या आत्या नव्वदी ओलांडलेल्या आहेत. त्यांना याविषयी विचारावे का, आणि वह्यांचे काय करावे?
— एक वाचक, पुणे

उत्तर : वह्या रद्दीत मुळीच देऊ नका. घरातल्या माणसांनी एकमेकांना लिहिलेल्या पत्रांत बरेचसे सांभाळून लिहिलेले असते. रोजकीर्दीत मात्र ज्या दिवशी जे झाले ते त्याच दिवशी, कोणी वाचेल असा विचारही न करता उतरलेले असते. आपल्या आजोबांनी त्या श्रावणात दुःखाचा एक शब्दही लिहिला नसेल, पण पाव शेर जादा दूध त्यांनी रोज मांडले आहे.

तरीही एका पानावरून निष्कर्ष काढू नये. शके १८६५ चा श्रावण म्हणजे इसवी सन १९४३ चा पावसाळा, आणि पावसाळ्यात चुलीसाठी लाकडे तर घरोघरी विकत घ्यावी लागत. त्या नोंदीपुढची पंधरा-वीस पाने आधी वाचून घ्या. जादा दूध केव्हा बंद झाले, पुढे आलेले गौरी-गणपती आणि दिवाळी यांचा खर्च नेहमीसारखा आहे की हात आखडलेला दिसतो, हे पाहिल्यावर काहीतरी हाती लागेल. कदाचित औषध थांबण्याचे कारण मूल बरे झाले, हेही असू शकेल.

आत्यांना अवश्य विचारा, मात्र ते पान पुरावा म्हणून त्यांच्यापुढे ठेवू नका. सुरुवात साध्या पानांपासून करावी. त्यांच्या पिढीला प्राथमिक शाळेत मोडी शिकवली जात असे, त्यामुळे आपल्या वडिलांचे अक्षर त्या स्वतःही वाचू शकतील. नजर साथ देत नसेल तर आपण वाचावे आणि त्यांनी ऐकावे. गूळ कोणाकडून येई, जादा पायलीभर तांदूळ कोणत्या पाहुण्यांसाठी घेतले, मोसंबी आजाऱ्याखेरीज कोणाला मिळत असे का, या गोष्टी त्यांच्याशिवाय आता कोणीच सांगू शकणार नाही. धाकट्या बहिणीचे नाव त्यांच्या तोंडी आपण होऊन आले तर ऐकावे. नाही आले तर त्यांचे मौन मोडण्याचा अधिकार आपल्याला नाही, असे मला मनापासून वाटते. कागद थांबतील, त्यांचे वय थांबणार नाही. म्हणून त्यांच्याकडे आधी जा.

मोडी शिकणे आपल्याला वाटते तेवढे अवघड नाही. ओळीवरची रेघ आधी ओढलेली असते, शब्द एकमेकांना जोडून येतात आणि ऱ्हस्व-दीर्घाचा भेद पाळलेला नसतो. पण घरखर्चात तेच तेच शब्द पुन्हा येत असल्याने डोळा लवकर सरावतो. रकमेत एक उभी रेघ म्हणजे चार आणे, दोन म्हणजे आठ आणि तीन म्हणजे बारा. रुपयाचे आणे सोळा आणि आण्याच्या पै बारा. शकात ७८ मिळवले की इसवी सन मिळतो. जानेवारीपासून फाल्गुनअखेरपर्यंतच्या नोंदींसाठी ७९ मिळवावेत. अडलेल्या पानांसाठी पुण्यातच, १९१० साली स्थापन झालेल्या भारत इतिहास संशोधक मंडळात जाणकारांची चौकशी करता येईल.

वह्या लॅमिनेट करू नका आणि फाटलेल्या पानांना चिकटपट्टी लावू नका. गंजलेल्या टाचण्या हलक्या हाताने काढाव्यात, सावलीच्या उजेडात प्रत्येक पानाचा क्रमाने फोटो घ्यावा आणि शिवण न उसवता वह्या धुतलेल्या सुती कापडात बांधून कोरड्या जागी ठेवाव्यात. फोटोंचा एकेक संच भावंडांना द्या. मूळ वह्या मात्र वाटून घेऊ नयेत, त्या जो वाचणार आहे त्याच्याकडे एकत्र राहाव्यात. वाड्याचा ताबा देण्यापूर्वी माळा आणि देवघराचे फडताळ पुन्हा एकदा पाहावे. त्या वर्षांची पंचांगे सापडली तर तीही ठेवून घ्या, कारण घरातले जन्म-मृत्यू पुष्कळदा त्यांच्या समासात टिपलेले असतात.