केबल चोराला मारायचं का, आणि किती?

दादा, तुमचा प्रश्न वाचला. पंचगंगेच्या काठावरच्या मोटरची केबल दोनदा कापून नेली, पोलिसांत जाऊन काही झालं नाही. आता गावातली पोरं म्हणतात, तारेला करंट सोडू आणि चोर सापडला तर पाय मोडूनच सोडू. यात चुकीचं काय, असं तुम्ही विचारलंय. आमच्या पाणीपुरवठा संस्थेचं काम मी बरीच वर्षं बघतोय, म्हणून सविस्तर लिहितो.

तुमचा राग खरा आहे. "वस्तूच तर गेली" म्हणणाऱ्यानं एप्रिलच्या उन्हात ऊस वाळताना बघितलेला नसतो. केबलीबरोबर पाण्याची पाळीही जाते, आणि गेलेली पाळी कोण भरून देत नाही. त्यामुळं चोराला हातच लावू नका, असं मी सांगणार नाही. कायदाही तसं सांगत नाही.

1 जुलै 2024 पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेत कलम 34 ते 44 मध्ये स्वसंरक्षणाचा हक्क दिलाय, आणि त्यात मालमत्तेचं रक्षणही येतं. रात्री घर फोडून कुणी आत शिरला, जबरी चोरी झाली, राहत्या घराला आग लावली, तर गरजेपोटी समोरच्याचा जीव गेला तरी हा हक्क टिकतो. मला ते मनापासून पटतं. अंधारात शिरलेला माणूस दागिन्यांसाठी आलाय की जिवावर उठलाय, हे झोपेतून उठलेल्या माणसानं कसं ओळखायचं? पण उघड्यावरच्या केबलीची साधी चोरी यात बसत नाही. तिथं अडवा, पाडा, पाठलाग करून केबल हिसकावून घ्या. जीव घ्यायचा हक्क नाही, आणि गरजेपेक्षा जास्त इजा करायचाही नाही. त्यानं कोयता उगारला तर गोष्ट वेगळी, मग तुम्ही स्वतःचा जीव वाचवताय. अशा वेळी किती जोरात मारलं हे सोन्याच्या काट्यावर तोलायचं नसतं, असं सुप्रीम कोर्टानंच म्हटलंय.

खरा प्रश्न आहे तो मार कशासाठी चाललाय हा. केबल वाचवायला, की मागच्या दोन चोऱ्यांचा राग काढायला? चोर बांधला आणि केबल परत हातात आली, की वाचवायचं काही उरत नाही. आमच्या शिवारात असा एक पोरगा सापडला होता. मोटरपेटीच्या खांबाला बांधलेला, अनवाणी, ओठ फुटलेला. ज्याची केबल होती तो शेतकरी बाजूला बॅटरीच्या उजेडात तुकडे जुळवत बसला होता. मारणारे वेगळेच, आणि त्यातल्या कितीतरी जणांची नदीवर मोटरसुद्धा नव्हती. त्या माराला मालमत्तेचं रक्षण म्हणता येत नाही. आणि माणूसच चुकीचा सापडला तर? 1 जुलै 2018 ला धुळे जिल्ह्यातल्या राईनपाड्यात डवरी गोसावी समाजाचे पाच जण मुलं पळवणारे समजून जमावानं ठार मारले. पोटासाठी फिरणारी माणसं होती ती.

आता करंटचं. हे मी हात जोडून सांगतो, आजच थांबवा. रात्री समोर चोर असेल तर तुम्ही निदान बघू शकता, थांबू शकता. तारेला ते जमत नाही. शेतीची लाईट आलटून पालटून रात्रपाळीला येते, तेव्हा शेजारचा माणूस पाणी पाजायला त्याच बांधावरून जातो. हंगामात ऊसतोड टोळ्यांच्या खोपी पडतात, बायका अंधारात तिकडंच जातात, पोरं मागोमाग. बिहारमधल्या एका माणसानं आपल्या संडासाकडं कुणी येऊ नये म्हणून वाटेवर उघडी जिवंत तार लावली होती. शेजारची बाई त्यात गेली. माझी जागा, माझा हक्क, हा बचाव सुप्रीम कोर्टानं मानला नाही, शिक्षा कायम केली. विनापरवानगी आत आला म्हणून त्याच्या जिवाची किंमत संपत नाही. हे मला कायद्याच्या आधी माणूस म्हणूनच पटतं.

मग करायचं काय? गस्त घाला, पण एकट्यानं नाही, चार-पाच जणांनी, आणि त्यात एक तरी वडीलधारा माणूस हवा, पोरांना "बास" म्हणणारा. चोर दिसला की 112 ला फोन आणि पोलीस पाटलांना निरोप. पकडलेला माणूस सहा तासांच्या आत पोलिसांच्या ताब्यात द्यायचा असतो. तुम्ही लगेच द्या. ठाण्यात तक्रार घेत नसतील तर ती लेखी स्वरूपात टपालानं जिल्हा पोलीस अधीक्षकांना पाठवा, तशी तरतूद कायद्यातच आहे. एकट्याच्या नावानं नको, काठावरच्या सगळ्या मोटरवाल्यांच्या सह्या घ्या. त्यात कुठल्या तारखेला कुणाची किती मीटर केबल गेली हे लिहा, आणि जवळपासच्या भंगार दुकानांची तपासणी मागा. केबल जाळून काढलेलं तांबं कुणीतरी विकत घेतं म्हणूनच ती कापली जाते, आणि चोरीचा माल जाणूनबुजून घेणाऱ्याला तीन वर्षांपर्यंत शिक्षा आहे.