केंब्रिजच्या आसपास तळी, पाणथळी: सासू-सासऱ्यांना घेऊन कुठे जाल?

तुमचा प्रश्न वाचला. मे महिन्यात निफाडहून सासू-सासरे येणार आहेत, सोबत आठ वर्षांची मुलगी, आणि जो तो उत्तरेकडचं विंडरमियर तळंच सुचवतोय. तुम्हाला मात्र जवळपासचं, कमी गर्दीचं, सासूबाईंच्या गुडघ्यांना झेपेल असं काहीतरी हवंय. मी या भागात पंधरा वर्षं राहते आणि जवळजवळ दर रविवारी पाण्याकाठी असते, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

विंडरमियर सुंदर आहे, त्यात वाद नाही. पण केंब्रिजहून गाडीने पाच तास जायचे आणि पाच तास यायचे. तुमच्या घरापासून अर्ध्या-पाऊण तासावर फेन्स आहेत, म्हणजे एकेकाळचा दलदलीचा, आता बहुतेक उपसून शेतीखाली आणलेला सखल प्रदेश. पहिल्यांदा बघणाऱ्याला तिथे फक्त सपाट काळी शेतं आणि सरळ चर दिसतात. इथे पाणी होतं कुठे, ते गेलं कसं आणि आता कुठे परत आणलंय, एवढं कळलं की मात्र तोच सपाट प्रदेश बघताना दिवस पुरत नाही. तेव्हा माझं मत स्पष्ट आहे: लांब जाऊ नका, फेन्समध्येच दोन-तीनदा जा.

सुरुवात विकन फेनपासून करा. नॅशनल ट्रस्ट या वारसा जपणाऱ्या संस्थेने इथली पहिली पट्टी 1899 साली घेतली. आजूबाजूचं जवळजवळ सगळं फेन उपसून शेतीखाली गेलं, हा तुकडा तेवढा ओला राहिला. लाकडी फळ्यांची पायवाट आहे, पूर्ण फेरी मैलापेक्षा कमी. चढउतार नाही, व्हीलचेअरही जाते, त्यामुळे सासूबाईंना काही अडचण येणार नाही. फळ्यांवर मुलीला पोटावर झोपू द्या आणि चरात डोकावू द्या. पाणी कोऱ्या चहाच्या रंगाचं दिसेल. ती घाण नव्हे, पीटचा रंग आहे. पीट म्हणजे हजारो वर्षं पाण्याखाली पुरती न कुजता साठत गेलेल्या वनस्पतींचा थर. काठाला सेज नावाचं उंच गवत आहे, त्याच्या पात्याला करवतीसारखे दात असतात, बोट फिरवू नका. याच सेजने इथल्या गवती छपरांचा माथा शाकारतात. त्यासाठी ते शतकानुशतकं ठरावीक वर्षांनी कापलं गेलं आणि त्या कापणीमुळेच तिथे झाडोरा माजला नाही. पाण्यावर कपाळाला पांढरा टिळा लावलेले काळे पक्षी दिसतील, ते आपले वारकरी. सासऱ्यांनी नांदूर मधमेश्वरला पाहिलेले असणारच. ओळखीचा पक्षी परक्या देशात भेटला की माणूस कसा खुलतो, ते मी माझ्या वडिलांच्या बाबतीत पाहिलंय.

आता सासऱ्यांसाठी खास जागा. द्राक्षबागायतदार माणूस, म्हणजे मातीत रस असणारच. त्यांना पीटरबरोच्या दक्षिणेला होम फेनमध्ये न्या. तिथे बर्चच्या रानात एक लोखंडी खांब उभा आहे, होम पोस्ट. जवळच व्हिटलसी मियर नावाचं तळं होतं, दक्षिण इंग्लंडच्या सखल भागातलं सगळ्यात मोठं. 1851 साली लंडनच्या ग्रेट एक्झिबिशन या मोठ्या प्रदर्शनात ॲपोल्डचा नवा सेंट्रिफ्यूगल (फिरत्या चाकाने पाणी फेकणारा) पंप मांडला होता, तो इथे आणून तळं उपसलं. पाणी गेल्यावर जमीन खचणार हे तिथल्या जमीनदारांना ठाऊक होतं. किती खचते ते कळावं म्हणून हा खांब पीटमधून खालच्या चिकणमातीपर्यंत ठोकला, वरचं टोक जमिनीच्या पातळीला ठेवून. आज ते टोक जमिनीपासून सुमारे 4 मीटर वर आहे. खांब तिथेच आहे, जमीन खाली गेली. पीट वाळलं की आकसतं, हवा लागली की कुजून कार्बन डायऑक्साइड होऊन उडून जातं, आणि नांगरलेल्या रानातलं वारा नेतो. ग्रेट ब्रिटनमधली सगळ्यात सखल जागा इथेच आहे, समुद्रसपाटीच्या पावणेतीन मीटर खाली.

वडिलांना नेलं तेव्हा ते बराच वेळ त्या खांबाला हात लावून उभे होते. मग म्हणाले, "काळी आई एवढी उडून गेली?" परत येताना गाडी थांबवून त्यांनी रस्त्याकडेच्या शेतातलं एक ढेकूळ उचललं. काळंभोर, पण हातात घेतलं तर अगदी हलकं, शेणखतासारखं भुसभुशीत. आपली काळी जमीन चिकट आणि जड, ही बोटांतून सांडते. तो फरक शब्दांत सांगता येत नाही, सासऱ्यांच्या हातावर ढेकूळ ठेवा.

जाता-येता नद्यांकडेही लक्ष ठेवा. शेतं खाली गेली आणि नद्या बांधांमध्ये वरच राहिल्या, त्यामुळे काही ठिकाणी बोट तुमच्या डोक्याच्या वरच्या पातळीवरून जाताना दिसते. पंप चालू आहेत म्हणून ही शेतं कोरडी आहेत.

तिसरी जागा लेकनहीथ फेन. 1995 पर्यंत इथे गाजराची शेती होती. आरएसपीबी या पक्षीसंस्थेने जमीन घेतली, पाणी परत आत सोडलं, आपण बोरू करायचो तशा पोकळ दांड्याचं रीड लावलं. 2007 मध्ये तिथे क्रौंचांनी घरटं केलं, फेन्समध्ये साधारण चारशे वर्षांनी. मला इंग्लंडमधली ही सगळ्यात आशा देणारी जागा वाटते. मेमध्ये चतुर पकडणारे हॉबी ससाणे वर घिरट्या घालतात. सकाळी लवकर गेलात तर बिटर्न या बगळ्याच्या जातीतल्या पक्ष्याचा आवाजही ऐकू येऊ शकतो, मोठ्या बाटलीच्या तोंडावर हळूच फुंकल्यासारखा. 1997 साली सगळ्या ब्रिटनमध्ये असे हुंकारणारे नर जेमतेम 11 उरले होते. दिसला नाही तरी वाईट वाटून घेऊ नका, तो रीडमध्ये मान वर करून उभा राहिला की दहा फुटांवरूनही ओळखू येत नाही.

बघायची पद्धत म्हणाल तर एकच सांगते: कमी चाला. हाइडमध्ये, म्हणजे पक्षी बघायच्या लाकडी खोपटात, अर्धा तास नुसतं बसा. पहिली दहा मिनिटं काही दिसत नाही, मग एकेक बाहेर येऊ लागतं. आत हळू बोलायचं, खिडकीतून हात बाहेर काढायचा नाही, आणि डब्यातल्या चकल्या बाहेर आल्यावर खायच्या. मुलीला दुर्बीण तिची स्वतःची द्या, साधी चालेल.

पायवाटांसाठी ऑर्डनन्स सर्व्हेचा 1:25,000 चा एक्सप्लोरर नकाशा घ्या. त्यावरच्या हिरव्या तुटक रेषा म्हणजे सार्वजनिक हक्काच्या वाटा, शेतातून गेल्या तरी बिनधास्त जायचं, फाटक मात्र जसं होतं तसं ठेवायचं. मेमध्येही फेन्सवरचा वारा बोचतो, आडोसा नसतो, सासूबाईंना कानटोपी लागेल. गवतात चाललात तर घरी आल्यावर सगळ्यांच्या पोटऱ्या आणि गुडघ्यांमागचा भाग नीट तपासा, टिक म्हणजे गोचीड असते आणि तिच्यामुळे लाइम आजार होऊ शकतो. याकडे दुर्लक्ष करू नका.

आणि त्यांचा मुक्काम कधी हिवाळ्यात असेल तर वेल्नीची पाणपक्ष्यांची जागा सोडू नका. आइसलंडहून आणि रशियाच्या आर्क्टिकमधून आलेले हंस ऊझ वॉशेस या नदीकाठच्या सखल कुरणांतल्या पाण्यावर संध्याकाळी उतरतात, काचेच्या उबदार खोलीत बसून बघता येतात. फक्त निघण्यापूर्वी ए1101 रस्ता उघडा आहे का ते बघा. वॉशेस हिवाळ्यात पुराचं पाणी साठवण्यासाठीच राखलेले आहेत, आणि पाणी चढलं की तो रस्ता बुडतो. आम्ही एकदा न बघता गेलो आणि पाण्याच्या कडेवरून मागे फिरलो. वळसा बराच मोठा पडतो, आणि तोवर अंधार झालेला असतो.