पाळकांना विचारा : आजींचे वीस रुपये

प्रश्न : पाळकसाहेब, सलाम. आमच्या महिला मंडळाच्या आम्ही सहा-सात जणी दर महिन्याच्या दुसऱ्या शनिवारी शहराबाहेरच्या एका वृद्धाश्रमात जातो. तेथे आमच्या मंडळीतल्या (चर्चमधल्या) तीन आजी राहतात. आम्ही गीते गातो, शास्त्रपाठ वाचतो, फळे वाटतो आणि तासाभरात निघतो. एक आजी प्रत्येक वेळी विचारतात, "यजमान कधी येणार?" त्यांचे यजमान वारून नऊ वर्षे झाली. दुसऱ्या आजींना प्रभुभोजन (प्रभूच्या आठवणीसाठी भाकरी व द्राक्षरस घेण्याचा विधी) हवे आहे, पण त्यांना गिळायला त्रास होतो, असे तेथील सिस्टर सांगतात. तिसऱ्या आजी आम्ही निघताना पदराच्या गाठीतून वीस रुपये काढून "माझी वर्गणी" म्हणून हातावर ठेवतात. ते घेणे आम्हांला बरे वाटत नाही, म्हणून आम्ही ती नोट हळूच त्यांच्या उशीखाली परत ठेवून येतो. या तिन्ही बाबतींत आम्ही योग्य वागतो का? — एक वाचक भगिनी, पिंपरी

उत्तर : शेवटच्या प्रश्नापासून सुरुवात करतो, कारण माझ्या मते तोच सर्वांत महत्त्वाचा आहे. ते वीस रुपये घ्या. मंडळीच्या वहीत त्यांच्या नावावर जमा करा, खजिनदारांकडून रीतसर पावती फाडून घ्या आणि पुढच्या भेटीत ती आजींच्या हातात द्या. उशीखाली ठेवलेली नोट त्यांना अंथरूण झटकताना सापडतेच, आणि ती सापडल्यावर आपले नाव सभासदांच्या यादीतून उतरले, एवढाच अर्थ त्यांना लागतो. मार्ककृत शुभवर्तमानाच्या १२ व्या अध्यायातील विधवेने मंदिराच्या भांडारात दोन टोल्या, म्हणजे अगदी क्षुल्लक किमतीची नाणी, टाकल्या, तेव्हा प्रभूने शिष्यांना बोलावून त्या दानाचे मोल सांगितले. त्या टोल्या तिला परत द्या, असे काही तो म्हणाला नाही. आपण मात्र दयेच्या भरात तिच्यापेक्षा शहाणे होतो.

येथे एक सावधगिरी हवी. वर्गणी घेत असल्याचे आश्रमाच्या कार्यालयाला सांगून ठेवा आणि रक्कम लहानच राहू द्या. कोणी बांगडी काढून देऊ लागले, बँकेचे पुस्तक सांभाळायला दिले किंवा मृत्युपत्रावर साक्षीदार म्हणून सही मागितली, तर नम्रपणे नकार द्या आणि ही गोष्ट कार्यालयाला व कुटुंबाला कळवा. उद्या मुलांनी मंडळीकडे बोट दाखवले, तर दोष सर्वस्वी त्यांचाच असेल असे नाही.

वर्गणीबरोबर त्या आजींना कामही द्या. दृढीकरणाच्या (बाप्तिस्म्यानंतर विश्वास स्वतः कबूल करण्याच्या विधीच्या) वर्गातली मुले, परीक्षेला बसलेले, इस्पितळात असलेले, अशी पाच नावे मोठ्या अक्षरांत कागदावर लिहून त्यांच्या खाटेशी लावा आणि पुढच्या महिन्यात प्रत्येकाचे काय झाले ते त्यांना सांगा. तुमच्यासाठी प्रार्थना करा, असे त्यांना म्हणणे पुरेसे नाही. निकाल आणून द्यावा लागतो. फळे वाटणाऱ्यांची तेथे वाण नाही, मात्र "तुम्ही ज्याच्यासाठी प्रार्थना केलीत, तो पोरगा पास झाला" असे सांगणारे क्वचितच कोणी येते.

प्रभुभोजनाबद्दल सांगायचे तर आधी आपल्या पाळकांशी बोला आणि त्यांनाच घेऊन जा. हे काम मंडळाने परस्पर करण्याचे नाही. गिळण्याचा त्रास असणाऱ्यांना पुष्कळदा घट्ट पदार्थापेक्षा पातळ पेय अधिक धोक्याचे असते, कारण ते चटकन श्वासनलिकेकडे उतरते आणि ठसका लागतो. म्हणून द्राक्षरसाचा पेला थेट ओठाला लावू नका. भाकरीचा तांदळाएवढा कण रसात भिजवून चमच्याने द्यावा, की नुसता ओठांना स्पर्श करावा, हे सिस्टरना किंवा डॉक्टरांना विचारून ठरवा. आजींना आडवे असताना काही देऊ नका. पाठीला उशा लावून ताठ बसवा, घास उतरल्याची खात्री करा आणि नंतरही थोडा वेळ तसेच बसू द्या. इतके सांभाळूनही जमले नाही, तर पाळकांनी शब्द म्हणावेत आणि हात हातात घ्यावा. कण किती मोठा होता, यावर त्या भोजनाची पूर्णता ठरत नाही.

आणखी एक गोष्ट ध्यानात असू द्या. चर्च ऑफ नॉर्थ इंडियाची स्थापना नागपूरला २९ नोव्हेंबर १९७० रोजी वेगवेगळ्या परंपरांच्या सहा प्रोटेस्टंट मंडळ्या एकत्र येऊन झाली. आज पंचाऐंशी वर्षांच्या असलेल्या आजी तेव्हा तिशीच्या आसपास होत्या; त्यांचा बाप्तिस्मा, दृढीकरण आणि बहुधा लग्नही एकीकरणापूर्वीच्या मंडळीत झालेले असते. अमेरिकन मराठी मिशनच्या वळणात वाढलेल्या आजींना उत्स्फूर्त प्रार्थना आपली वाटते. अँग्लिकन (इंग्लंडच्या चर्चच्या परंपरेतल्या) घरातल्या आजींना उपासनाग्रंथातल्या ठरावीक प्रार्थना तोंडपाठ असतात आणि त्यांतला एखादा शब्द बदलला तरी अडखळायला होते. "आजी, तुमच्या लहानपणी प्रभुभोजन कसे असायचे?" एवढे एकदा विचारा आणि त्यांच्याच जुन्या, कडा झिजलेल्या पवित्र शास्त्रातून वाचा.

आता यजमानांची वाट पाहणाऱ्या आजी. पाळकीय सेवेच्या सुरुवातीच्या वर्षांत मीही अशाच एका आजींना प्रामाणिकपणे सांगितले होते की, बाई, ते आता नाहीत. ती बातमी जणू त्यांना त्याच क्षणी कळली आणि त्या नव्याने धाय मोकलून रडल्या. दहा मिनिटांनी डोळे पुसून त्यांनी पुन्हा तोच प्रश्न विचारला. माझ्या खरेपणाने त्यांना काही मिळाले नव्हते, दुःख तेवढे दुसऱ्यांदा झाले होते. तेव्हापासून मी "येतील संध्याकाळी" असे खोटेही सांगत नाही आणि मृत्यूची बातमीही देत नाही; मी यजमानांविषयी विचारतो. ते कामावरून किती वाजता यायचे? आल्यावर चहा आधी की हातपाय धुणे आधी? त्या आजी मग सांगू लागल्या की ते दारातच चपला आपटून धूळ झाडायचे आणि त्यावरून रोज कशी वादावादी व्हायची. त्यानंतर २३ वे स्तोत्र म्हणायला घेतले, तर "परमेश्वर माझा मेंढपाळ आहे" येथून पुढचे त्या न अडखळता स्वतःच म्हणाल्या. कालचे जेवण विसरणाऱ्या माणसालाही बालपणी पाठ केलेले असे पुष्कळदा आठवते.

सहा-सात जणींनी महिन्यातून एकदा एकत्र जाण्यापेक्षा दर आठवड्याला दोघींनी जावे, आणि एका आजींकडे शक्यतो त्याच दोघींनी, असेही सुचवतो. चेहरा ओळखीचा झाला की नाव आठवले नाही तरी चालते.

प्रश्न : आमचा तरुण संघ गिटार आणि स्पीकर घेऊन वृद्धाश्रमात गाणी म्हणायला जातो, पण आजी-आजोबा आमच्याबरोबर गात नाहीत, नुसते पाहत राहतात. — एक वाचक, अहिल्यानगर

उत्तर : वयोमानाने कानांना उंच स्वर आधी ऐकू येईनासे होतात आणि गळाही वर चढत नाही. तुमची पट्टी दोन-तीन सुरांनी खाली आणा, लय निम्मी करा, स्पीकर घरी ठेवा आणि शेजारचा टीव्ही बंद करण्याची विनंती करा. पडद्यावर शब्द दाखवून नवी गाणी शिकवू नका, ना. वा. टिळकांची भजने घ्या, तीही तुमच्या आजीने शिकवलेल्या चालीवर. गिटार वाजवणाऱ्याने एकदा गिटारही घरी ठेवून पाहावी. डाव्या कानाने ऐकू न येणाऱ्या आजोबांच्या उजव्या बाजूला बसून त्यांच्या मांडीवर ठेका धरायला एक हात मोकळा लागतो.