आजोबांची शिंदेशाही पगडी यूकेला न्यावी का?

तू विचारलंयस की सप्टेंबरमधे वुल्व्हरहॅम्प्टनला जॉईन होतोयस तर आजोबांची शिंदेशाही पगडी सोबत न्यावी का, ऑफिसच्या कल्चर डेला घातली तर चालेल का, आणि टीममधल्या सरदारजींना ते खटकेल का. मी पण ग्वाल्हेरच्या लष्कर भागातलीच, दौलतगंजात वाढलेली, आता बरीच वर्षं बर्मिंगहॅमजवळ राहते, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

पगडी आण, बिनधास्त घाल, कोणाला खटकत नाही. फक्त ती आणि सरदारजींची दस्तार, म्हणजे शिखांची पगडी, एकाच माळेत ओवू नकोस. आपली पगडी मानाची, लग्नामुंजीत घालायची आणि घरी आलं की काढून डब्यात ठेवायची. त्यांचं तसं नाही. १६९९ च्या वैशाखीला आनंदपूरला गुरू गोविंदसिंगांनी खालसा पंथ उभा केला, केस न कापणं हा पाच ककारांपैकी, म्हणजे खालशाच्या पाच खुणांपैकी, एक, आणि त्या केसांवर दस्तार. चारचौघात ती काढायला सांगणं म्हणजे अंगावरचे कपडे उतरवायला सांगण्यासारखं आहे. त्यामुळे "एकदा घालून बघू का" असं गमतीत पण म्हणू नकोस, हात तर लावूच नकोस.

माझ्या शेजारच्या शीख काकांना मी दस्तार बांधताना बघितलंय. पाच-सहा मीटर लांब सुती कापड, काकू एक टोक धरून उभ्या, दुसरं काकांच्या हातात, दोघं ताणून ताणून घडी घालतात, त्याला ते पूणी म्हणतात. मग एक टोक दातात धरून आरशासमोर एकेक वेढा, प्रत्येक वेढा आधीच्यापेक्षा थोडा वर, आणि शेवटी बारीक सळईने केस आत सारायचे. रोज सकाळी, कामावर जायच्या आधी. घाई अजिबात नाही.

आणि तू जातोयस ते गाव या बाबतीत साधं नाही बरं का. १९६७ मधे तिथल्याच एका बस ड्रायव्हरने, तरसेमसिंग संधूंनी, दाढी-पगडीसकट ड्युटीवर यायचं ठरवलं, त्यांना घरी पाठवलं, मग मोर्चे, निदर्शनं, शेवटी १९६९ मधे ड्रायव्हर-कंडक्टरांच्या दाढी-पगडीवरची बंदी उठली. १९७६ ला पगडीधारी शिखांना मोटरसायकलवर हेल्मेटमधून सूट देणारा कायदा झाला. १९८३ चा मंडला खटला तर बर्मिंगहॅमचाच, एका मुलाला पगडीमुळे शाळेने प्रवेश नाकारला होता, प्रकरण हाऊस ऑफ लॉर्ड्सपर्यंत, म्हणजे तेव्हाच्या सर्वोच्च कोर्टापर्यंत, गेलं आणि तिथे निकाल मुलाच्या बाजूने लागला. आज तुझ्या टीममधला माणूस निवांत पगडी घालून मीटिंगला बसतो ते या लोकांमुळे, हे माहीत असू दे.

लोक गल्लत करतात ती किती महागात पडते ते पण सांगते. ११ सप्टेंबर २००१ च्या हल्ल्यांनंतर चौथ्याच दिवशी अमेरिकेत अ‍ॅरिझोनात बलबीरसिंग सोढींना त्यांच्याच पेट्रोल पंपावर गोळी घातली, का तर पगडी-दाढी बघून मारणाऱ्याला ते अरब वाटले. म्हणून म्हणते, डोक्याला गुंडाळलेलं दिसलं की एकच धर्म धरून चालू नकोस. इथे तुला सगळं दिसेल, सुदानी लोकांची मोठी पांढरी इम्मा, ओमानी लोकांचा नक्षीवाला मसर, शिया मौलवींमधे काळी पगडी असली तर ते सय्यद म्हणजे पैगंबरांच्या वंशातले आणि बाकीच्यांची पांढरी, बर्मिंगहॅमच्या हँड्सवर्थला जटा गुंडाळलेले रास्ताफारी पंथाचे लोक, नायजेरियन लग्नात योरुबा बायका डोक्याला बांधतात ती कडक कापडाची 'गेले'. प्रत्येकाचं कारण वेगळं. विचारलंस तर लोक आनंदाने सांगतात, फक्त नीट विचार.

तुझ्याकडे तर बोलायला घरचाच विषय आहे. ग्वाल्हेरचा म्हणून सांग, वयस्कर शीख माणूस लगेच किल्ल्यावरच्या दाताबंदी छोड गुरुद्वाराचं नाव काढेल. आपल्या किल्ल्यावर जहांगीरने गुरू हरगोविंदांना कैदेत ठेवलं होतं, सुटताना त्यांनी सोबतचे ५२ राजेही सोडवून नेले असं ते मानतात, आणि दिवाळीच्या दिवशी बंदी छोड दिवस करतात. आपण लहानपणी किल्ल्यावर जाऊन त्या गुरुद्वारात लंगर जेवून यायचो, पण इथल्या लोकांसाठी ती किती मोठी जागा आहे ते मला इथे आल्यावरच कळलं. यायच्या आधी एकदा जाऊन ये.

आता पॅकिंग. शिंदेशाही फेट्यासारखी नाही, बांधून शिवलेली असते, सुटकेसमधे दाबली की पुढची चोच गेलीच आणि इथे नीट करून देणारं मला तरी कोणी भेटलं नाही. आत मऊ मलमल भर, बाहेरून जुनं सुती धोतर गुंडाळ, कडक गोल डब्यात ठेव आणि डबा केबिनमधेच घे, आधी एअरलाईनची साईज बघून. डांबराच्या गोळ्या नकोत, जरीला लागतात. कल्चर डेला घालशील तेव्हा कोणाची आहे, कुठली आहे हे दोन वाक्यात सांगता यायला हवं, तेवढं आजीला विचारून लिहून घे.

व्हिसा आला की कळव, घर कुठल्या एरियात बघायचं ते वेगळं सांगते.