गाडी भाड्याची नको, गल्ली स्वतःची दाखवा: रॅप व्हिडिओबद्दल तुमचे प्रश्न

ताई, आम्ही चार मित्र आहोत, जुन्या नाशकात राहतो, पहिलं मराठी रॅप रेकॉर्ड करून रेडी आहे. आता व्हिडिओवरून वाद चाललाय. एक जण म्हणतो एक दिवस काळी फॉर्च्युनर भाड्याने घेऊ आणि कॉलेज रोडला रात्री शूट करू, दुसरा म्हणतो तोच पैसा ड्रोनला घालू. बजेट टोटल पंधरा हजार. हिप-हॉपच्या व्हिडिओत गाडी, चेन, मागे पोरांची गँग हे लागतंच का?
— एक वाचक, तिवंधा

लागतंच असं काही नाही भावा, पण ह्या गोष्टी आल्या कुठून ते बघितलं की काय ठेवायचं आणि काय सोडायचं ते तुमचं तुम्हालाच कळेल. १९८२ चं 'द मेसेज' बघा, ग्रँडमास्टर फ्लॅश आणि फ्युरियस फाइव्हचं. त्यात सेट नाही, चकचकाट नाही, न्यूयॉर्कचे रस्ते आहेत, पडक्या बिल्डिंगा आहेत, नाक्यावर उभी असलेली पोरं आहेत आणि शेवटी पोलिसांची गाडी येते आणि काही कारण नसताना त्यांना उचलून नेते. रस्त्यावर शूट करायचा नियम इथून घट्ट झाला. पैसा नव्हता हे एक कारण झालंच, पण मोठं कारण म्हणजे गाणं ज्या जागेबद्दल आहे ती जागा टीव्हीवर दुसरं कोणी दाखवत नव्हतं, आणि दाखवलीच तर बातमीत, गुन्ह्याच्या बातमीत. मग १९८८ ला एमटीव्हीवर 'यो! एमटीव्ही रॅप्स' सुरू झालं आणि त्याचा होस्ट फॅब फाइव्ह फ्रेडी स्वतः कॅमेरा टीम घेऊन कलाकारांच्या एरियात जायला लागला. म्हणजे मागे उभी असलेली गर्दी ही सजावट नव्हतीच, तो पुरावा होता की हा आमचा आहे आणि हा बोलतोय ते आम्हाला मान्य आहे.

आपल्याला हे काय नवीन नाही. शाहीर पुढे आणि मागे झीलकरी, शाहीर एक ओळ टाकतो आणि मागचे ती उचलून धरतात. वामनदादा कर्डक आपल्याच सिन्नर तालुक्यातल्या देशवंडीचे, त्यांची गाणी वस्तीवस्तीत लोकांनी अशीच उचलून धरली. तुमच्या मागे जी पोरं उभी राहणारेत त्यांचं काम तेच आहे, बाऊन्सरसारखं हात बांधून उभं राहणं नाही.

आता गाडी. १९९० च्या दशकाच्या सुरुवातीला लॉस एंजेलिसचे व्हिडिओ आले, डॉ. ड्रे, स्नूप डॉग वगैरे, त्यात त्या जुन्या शेवरले इम्पाला रस्त्यावर उड्या मारताना दिसतात. त्या गाड्यांना लोरायडर म्हणतात, आणि ती मुळात तिथल्या मेक्सिकन वस्त्यांमधल्या पोरांची कला. गाडी जमिनीला टेकेल इतकी खाली घ्यायची फॅशन होती, तर १९५० च्या दशकाच्या शेवटी कॅलिफोर्नियात कायदा आला की गाडीचा कुठलाही भाग चाकाच्या रिमच्या खाली येता कामा नये. मग पोरांनी गाडीला हायड्रॉलिक पंप बसवले, पोलिस दिसला की बटण दाबून गाडी वर, गेला की परत खाली. म्हणजे त्या व्हिडिओतली गाडी शोरूमची नव्हती, कोणीतरी रात्र रात्र गॅरेजमधे बसून बनवलेली होती. नंतर १९९७ च्या आसपास पैसा आला, चमकते सूट, महागडे सेट, हेलिकॉप्टर, तेव्हापासून 'गाडी म्हणजे महाग गाडी' असं झालं आणि आपल्याकडे कॉपी झाली ती ह्याच जमान्याची.

म्हणून माझं सरळ मत, फॉर्च्युनर घेऊ नका. भाड्याची गाडी कॅमेऱ्यात लगेच कळते कारण तिच्याजवळ पोरं घाबरून उभी राहतात, ओरखडा पडेल म्हणून टेकत पण नाहीत. अंबड-सातपूरला कोणाचा भाऊ फॅब्रिकेशनमधे असेल, द्वारकेला कोणाचं गॅरेज असेल, स्वतःच्या हाताने उभी केलेली जुनी आरएक्स हंड्रेड किंवा नाशिक ढोल पथकाचा सगळे ढोल लादलेला टेम्पो, हे घ्या ना, त्यावर चढून बसा, ते तुमचंच आहे.

आणि तिवंध्यासारखी जागा सोडून कॉलेज रोडला कशाला जाताय? वाड्यांचे लाकडी दरवाजे, वर एकमेकांना टेकायला आलेल्या गॅलऱ्या, ओटे, रंगपंचमीला उघडतात ती रहाड, म्हणजे रंगाचा हौद, तुमच्या चौकात आहे. फोनची वाइड लेन्स लावा, तो ०.५ वाला, आणि कॅमेरा गुडघ्याच्या उंचीला धरून थोडा वर बघू द्या. अरुंद बोळात दोन्ही बाजूच्या भिंती आपोआप चेहऱ्याकडे धावतात, माणूस उंच आणि ठाम दिसतो. कॅमेरा चेहऱ्याला फार चिकटवू नका, नाहीतर नाक मोठं येतं. सगळ्यांना एका रांगेत उभं करू नका, ओट्यावरची आजी तिची भाजी निवडत राहू दे, चहावाला कप विसळत राहू दे, आणि ती सगळी फक्त हुकलाइनला, म्हणजे गाण्यात परत परत येणाऱ्या ओळीला, एकदम कॅमेऱ्याकडे बघू देत. हे मी सांगतेय म्हणून एकदा करून बघाच. लहान पोरं फ्रेममधे असतील तर त्यांच्या आईवडिलांना आधी विचारा, आणि मोठी गर्दी जमवणार असाल तर पोलिस स्टेशनला पण.

ड्रोनचं म्हणाल तर शहराच्या आसपास लष्कराचा देवळाली कॅम्प आहे, नोटांचा प्रेस आहे, ओझरला विमानतळ आहे, त्यामुळे ड्रोन कुठे उडवता येतो ते दाखवणारा सरकारचा डिजिटल स्कायचा नकाशा बघितल्याशिवाय उडवायचाच नाही. आणि बोळात ड्रोनचं काम पण नाही, गच्चीवरून घ्या.

पैसा साउंड मिक्सला आणि एका बऱ्या लाइटला घाला. मुंबईचा रॅपर नेझी, त्याने २०१४ ला 'आफत' कुर्ल्यात आयपॅडवर शूट केलं होतं, आणि दुसऱ्या वर्षी डिव्हाइन ह्या रॅपरबरोबर 'मेरे गली में' आलं, त्यात पण गल्ली आणि गल्लीतली माणसंच आहेत.

ताई, इन्स्टावर रॅपरचे स्लो-मोशन शॉट असतात तरी ओठ गाण्याशी बरोबर जुळतात. आम्ही स्लो केलं की ओठ मागे राहतात. कसं करतात?
— एक वाचक, पाथर्डी फाटा

सोप्पं आहे. शूटच्या वेळी गाणं फास्ट वाजवायचं आणि त्या फास्ट गाण्यावर ओठ हलवायचे. फोनमधे सेकंदाला ६० फ्रेमने शूट करून एडिटमधे ३० च्या टाइमलाइनवर अर्ध्या स्पीडने टाकणार असाल तर स्पीकरवर गाणं दुप्पट स्पीडने लावा. मग एडिटमधे चित्र स्लो होतं, ओठ बरोबर मूळ गाण्यावर येतात, पण अंग, कपडे, धूर, पाणी सगळं तरंगतंय असं दिसतं. तो जड, दमदार चालण्याचा फील इथूनच येतो.

पण मराठी रॅप दुप्पट स्पीडने बोलणं म्हणजे जीभ अडकणारच, 'ळ' आणि जोडाक्षरं असलेल्या ओळीत तर नक्कीच. म्हणून मी ३० फ्रेमला शूट करून २४ च्या टाइमलाइनवर टाकायला सांगते, गाणं १२५ टक्के स्पीडने वाजवायचं. फरक कमी दिसतो पण चालण्यात वजन येतं आणि शब्द पण स्पष्ट येतात. दुप्पट स्पीड फक्त हुकलाइनला ठेवा, तिथे शब्द कमी असतात. गाण्याच्या आधी तीन बीप टाकून ठेवा आणि शेवटच्या बीपला टाळी वाजवा, म्हणजे जुळवताना शोधत बसायला नको. आणि ट्यूबलाइटखाली शूट करत असाल तर शटर १/५० किंवा १/१०० ठेवा (६० फ्रेमला १/१००च), आपली लाइट ५० हर्ट्झची आहे, दुसरं काही ठेवलं तर पट्टे फिरतात.

माझा मुलगा अकरावीत आहे. मित्रांबरोबर व्हिडिओ बनवतो, त्यात सगळे तोंडाला काळे मास्क लावतात आणि बोटांच्या काहीतरी खुणा करतात. ही गँगची लक्षणं आहेत का? मी काय करू?
— एक आई, सिडको

काकू, काळजी वाटणं बरोबर आहे पण आधी दोन गोष्टी वेगळ्या करून बघा. हातवारे बरेचसे नुसते ताल धरायला असतात, रॅपरच्या हातात ना पेटी ना ढोलकी, मग शब्दावर जोर द्यायला तो हातच वापरतो. काही खुणा मात्र खरंच लॉस एंजेलिसच्या टोळ्यांच्या आहेत, तिथे क्रिप्स निळा रंग वापरतात आणि ब्लड्स लाल, आणि चुकीच्या गल्लीत चुकीची खूण केली म्हणून तिथे माणसं मेलीत. आपल्या पोरांना हे माहीतच नसतं, व्हिडिओत बघितलं आणि केलं. त्याला हे सांगा, ओरडून नाही, माहिती म्हणून सांगा, तो स्वतःच सोडेल.

मास्क आला लंडनच्या ड्रिल नावाच्या रॅप प्रकारातून. तिथे काही पोरांना पोलिसांपासून आणि दुसऱ्या टोळीपासून खरोखर ओळख लपवायची होती, २०१८ ला तर लंडन पोलिसांच्या सांगण्यावरून यूट्यूबने असे बरेच व्हिडिओ काढून टाकले. तुमच्या मुलाला लपवायचं असं काही नसेल तर मास्क ही नुसती वेशभूषा आहे. एका बाबतीत मात्र अजिबात ढील देऊ नका, कोयता, तलवार, पिस्तूल, खेळण्यातलं असलं तरी फ्रेममधे नको. हत्यार दाखवलं की पोलिस गुन्हा दाखल करू शकतात आणि अकरावीच्या पोराला ते परवडणारं नाही. आणि त्याने लिहिलेलं एकदा मागून वाचा काकू. काय लिहितो हे आईने विचारलंय असं फार कमी पोरांच्या नशिबात येतं.

यूट्यूबवरून 'टाइप बीट' घेतली तर चालते का?
— एक वाचक, नाशिकरोड

टाइप बीट म्हणजे एखाद्या नावाजलेल्या कलाकाराच्या स्टाइलमधे बनवलेली तयार बीट. तिच्यावर 'फ्री' लिहिलंय म्हणजे बहुतेक वेळा फक्त प्रॅक्टिसला फ्री. गाण्यातून पैसे कमवायचे असतील तर लीज, म्हणजे बीट वापरायचा परवाना, विकत घ्या, आणि त्यात किती स्ट्रीमपर्यंत चालेल, व्हिडिओला चालेल का ते वाचा. साधी लीज असेल तर तीच बीट अजून कोणाकडे पण असणार हे धरून चाला. पावतीचा मेल जपून ठेवा, कॉपीराइटचा क्लेम आला तर तोच कामाला येतो.

ताई, आम्ही तिघी मैत्रिणी अहिराणीत रॅप करतो. बघावं त्या व्हिडिओत मुली नुसत्या गाडीला टेकून उभ्या असतात. आम्हाला बघायला काही चांगलं सुचवा, आणि आमचा व्हिडिओ कसा असावा तेही.
— एक वाचक, सटाणा

तुमचं पत्र वाचून फार आनंद झाला. तुम्ही म्हणता ते खरं आहे आणि त्याला परंपरा म्हणून गप्प बसायचं कारण नाही, कारण हिप-हॉपच्या आतूनच बायकांनी ते सुरुवातीपासून मोडलंय. क्वीन लतीफाचं १९८९ चं 'लेडीज फर्स्ट' बघा. त्यात ती लष्करी थाटाच्या पोशाखात आफ्रिकेच्या दक्षिण भागाच्या मोठ्या नकाशासमोर उभी आहे आणि गोऱ्या राजवटीचे पुतळे नकाशावरून ढकलून तिथे काळ्या मुठी ठेवते. मधे मधे दक्षिण आफ्रिकेतल्या वर्णभेदाची खरी दृश्यं येतात. तेव्हा मंडेला अजून जेलमधे होते! फॅब फाइव्ह फ्रेडीनेच दिग्दर्शित केलाय तो. मग १९९७ चा मिसी एलियटचा 'द रेन' बघा, हाइप विल्यम्सने गोल दिसणाऱ्या फिशआय लेन्समधून शूट केलेला, आणि मिसी त्यात हवा भरलेला काळा चकचकीत सूट घालून येते, इतका मोठा की पूर्ण फ्रेम तीच व्यापते. बारीक दिसा, सुंदर दिसा, बाजूला उभ्या रहा, ह्या सगळ्याला तिने शब्द न बोलता उत्तर दिलंय.

तुमच्याकडे फिशआय नसली तरी चालेल, मुद्दा एवढाच की फ्रेम तुमची पाहिजे. गाडी पाहिजेच असेल तर ट्रॅक्टर घ्या आणि स्टेअरिंगवर तुमच्यापैकी एक बसा. नाशिक जिल्हा म्हणून द्राक्षाचे मणी दाखवायचा मोह टाळा, ते सरकारी जाहिरातीत झालंय. कांदा साठवायची चाळ घ्या, आत पट्ट्यापट्ट्यांनी ऊन येतं, कुठल्याही स्टुडिओला मिळणार नाही असा लाइट आहे तो, दुपारी तीननंतर जा. कांदा निवडायला बसलेल्या बायका तुमच्या मागे असू द्या, पण त्यांना नुसतं बसवू नका, धृपदाची ओळ त्यांना आधी शिकवा आणि त्यांच्याच तोंडून येऊ द्या, अहिराणी त्यांचीच आहे. आणि त्यांचा तेवढ्या वेळाचा रोज बुडत असेल तर तो आधी द्या. खाली मराठी सबटायटल टाका म्हणजे कोल्हापूरच्या माणसालाही कळेल, आणि शेवटी नावं टाकताना चाळवाल्याचं आणि सगळ्या बायकांचं नाव टाका, स्पेलिंग विचारून.